बागबाजारचा मुक्काम : कोलकात्यातील पाच दिवस

निघण्यापूर्वी

कोलकात्याला जायचे ठरले तेव्हा आमच्या हातात मुक्कामाच्या चारच रात्री होत्या आणि आईची अट एकच होती. ती म्हणाली, "सकाळचा चहा झाला की मला पायी फिरता आलं पाहिजे. नुसतं गाडीत बसून शहर बघायचं असेल, तर एवढा दोन दिवसांचा प्रवास कशाला करायचा?" आईचे वय एकाहत्तर, एका गुडघ्याचे दुखणे जुने, शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊनही तिला बरीच वर्षे झालेली. त्यामुळे मुक्काम कुठे करावा, हा प्रश्न तिकिटे काढण्याहूनही मला अवघड वाटत होता. मोठ्या शहरात महिनाभर राहणाऱ्याची जागा चुकली तर ती बदलता येते. चार रात्रींच्या पाहुण्याने जागा बदलायची म्हटले की अर्धा दिवस सामान आवरण्यात आणि लावण्यात जातो, म्हणजे हाती असलेल्या वेळेचा मोठा वाटाच संपतो.

कोलकात्यात ही निवड विशेष विचाराने करावी लागते, कारण ते शहर मुळातच सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांच्या जागेवर उभे राहिले आणि त्याचे भाग अजूनही आपापल्या स्वभावाने वेगळे राहिले आहेत. बंगालीत वस्तीला 'पाडा' म्हणतात. आपल्याकडे पाडा म्हटले की डहाणू-जव्हारकडची आदिवासी वस्ती डोळ्यांसमोर येते. तिथे मात्र भर शहरातल्या पाच-सात गल्ल्यांचा मिळून एक पाडा होतो, आणि त्या पाड्याचा स्वतःचा बाजार, स्वतःची मिठाईची दुकाने, स्वतःची पूजा आणि स्वतःचा अभिमान असतो. पुण्याच्या पेठा किंवा कोकणातल्या गावांमधल्या आळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे समजायला वेळ लागत नाही.

माझ्यासमोर पाच पर्याय होते. पहिला मध्यभागाचा, म्हणजे चौरंगी, न्यू मार्केट, सडर स्ट्रीट आणि पार्क स्ट्रीट. बाहेरचे बहुतेक प्रवासी इथेच उतरतात. दुसरा दक्षिणेचा, म्हणजे भवानीपूर, कालीघाट, बालीगंज आणि गडियाहाट. तिसरा पूर्वेकडील सॉल्ट लेक आणि न्यू टाउनचा, जिथे रस्ते रुंद, खोल्या नव्या आणि विमानतळ जवळ आहे. चौथा हावडा स्थानकाच्या परिसराचा, जो मी फार विचार न करता बाजूला ठेवला. पाचवा उत्तरेचा, म्हणजे श्यामबाजार, शोभाबाजार आणि बागबाजार, जिथे हॉटेले थोडी आणि जुनी घरे पुष्कळ.

आईने पाहण्याच्या ठिकाणांची यादी तिच्या वळणदार अक्षरात लिहून दिली होती. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, शारदामातेचे घर, निवेदितांचे घर, कुमारटुली, कॉलेज स्ट्रीट आणि जमल्यास दक्षिणेतील तळे. यातील बरेचसे उत्तरेला पडत होते, पण केवळ अंतर मोजून निर्णय घ्यावा, असे मला वाटले नाही. कोलकात्याची मेट्रो 24 ऑक्टोबर 1984 रोजी सुरू झाली. ती देशातली पहिली, आणि तिचा मूळ मार्ग शहराच्या कण्यासारखा उत्तर-दक्षिण जातो. त्यामुळे श्यामबाजारहून कालीघाटला जाणे हे डोंबिवलीहून ठाण्याला जाण्यापेक्षा अवघड नाही. दिवसा दहा ते पाच या वेळेत माणूस कुठेही गेला तरी मेट्रो त्याला सांभाळून घेते. प्रश्न उरतो तो सकाळी सहा ते नऊचा आणि संध्याकाळी सहानंतरचा, कारण त्या वेळी आपण जिथे उतरलो आहोत तिथेच असतो. म्हणून मी प्रत्येक वस्तीविषयी स्वतःला एवढेच विचारले, की सकाळी सहा वाजता आई दाराबाहेर पडली तर तिला समोर काय दिसेल?

या प्रश्नाचे उत्तर बागबाजारकडे जात होते. तिथल्या एका जुन्या घरात तळमजल्यावर, म्हणजे जिना न चढता जाता येईल अशी खोली मिळाली, पण ती आम्ही पोहोचण्याच्या दुसऱ्या दिवसापासून रिकामी होणार होती. पहिली रात्र म्हणून मी मध्यभागात काढायचे ठरवले.

दिवस पहिला

संक्रांत करून आम्ही कल्याणहून गीतांजली एक्सप्रेसने निघालो. ही गाडी डिसेंबर 1977 मध्ये, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली आणि तिच्यात वर्गभेद नसावा असा तेव्हा त्यांचा आग्रह होता. आईला हे पक्के आठवत होते आणि तिने ते डब्यातल्या शेजाऱ्यांना सांगितलेही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हावड्याला उतरलो. फलाटावरून सरळ खाली मेट्रोच्या स्थानकात गेलो. हे स्थानक अतिशय खोल आहे, सरकते जिने एकामागून एक येतच राहतात. तेथून एस्प्लनेडकडे जाणारी गाडी हुगळी नदीच्या तळाखालून जाते. नदीखालचा बोगदा 520 मीटरचा आणि तो ओलांडायला लागणारा वेळ सुमारे पाऊण मिनिट. आईने तेवढा वेळ हात जोडले होते.

त्या रात्रीचे हॉटेल जाहिरातीत पार्क स्ट्रीटला लागून होते, प्रत्यक्षात ते तेथून वीस मिनिटांच्या चालीवर, एका अरुंद गल्लीच्या टोकाला निघाले. खोलीला खिडकी होती, पण ती इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये उघडत होती, त्यामुळे उजाडले की नाही हे घड्याळावरूनच कळायचे. याचा दोष मी माझ्याकडेही घेतो. 'लागून', 'जवळ', 'मध्यवर्ती' हे शब्द वाचून मी समाधान मानले, रस्त्याचे नाव विचारून ते नकाशावर स्वतः मोजून पाहिले नाही. तेवढे मोजायला पाच मिनिटे पुरली असती.

संध्याकाळी न्यू मार्केटमध्ये गेलो. 1874 सालचा हा बाजार अजूनही भरभरून चालतो, आणि आत 1902 पासूनची नाहूमची बेकरी आहे, जिथला फळांचा केक आईने एकादशी नसल्याची खात्री करून घेऊन खाल्ला. गर्दी, फेरीवाले, कपड्यांचे ढीग, पदपथावरून वाट काढणे हे सगळे तासभर आनंदाचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही बाहेर पडलो तेव्हा मात्र तीच गल्ली दोन्ही बाजूंनी शटर ओढून बसली होती. रात्रीचा कचरा अजून उचलायचा होता, चहाची एकच टपरी उघडी होती आणि तिथे उभे असलेले सगळे आमच्यासारखेच परगावचे होते. आई म्हणाली, "इथे कुणी राहतच नाही का रे?" तिचा प्रश्न बरोबर होता. त्या गल्ल्या व्यापाराच्या आहेत, घरे तिथे थोडी आहेत, आणि दुकाने उघडेपर्यंत त्यांना जाग येत नाही. ज्यांना इंडियन म्युझियम, मैदान आणि व्हिक्टोरिया मेमोरियल एवढेच पाहायचे आहे, किंवा जे रात्री उशिरा पोहोचून पहाटे निघणार आहेत, त्यांनी इथे राहावे. आमची गरज निराळी होती.

दिवस दुसरा

टॅक्सीने चित्तरंजन ॲव्हेन्यूवरून उत्तरेला निघालो. जसजसे पुढे जावे तसतशा इमारतींच्या लाकडी झडपा, ओतीव लोखंडाचे सज्जे आणि भिंतींतून उगवलेले पिंपळ वाढत गेले. बागबाजारच्या गल्लीत टॅक्सी शिरू शकली नाही म्हणून शेवटची शंभर पावले बॅगा हातात घेऊन चाललो.

घर शंभर वर्षांच्या आसपासचे असावे. दारात रस्त्याला लागून गुडघाभर उंचीचा, गुळगुळीत झालेला सिमेंटचा कट्टा होता. बंगालीत त्याला 'रोक' म्हणतात, आणि उत्तर कोलकात्याचे अर्धे आयुष्य त्यावर बसून जाते. आपल्या ओट्याचाच तो भाऊ. आईने खोली बघण्याआधी तो कट्टा पाहिला, त्याच्यावर हात फिरवला आणि बसून घेतले. तिथून तिला गल्लीतला नळ, समोरच्या घराची तुळस, इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचे मिठाईचे दुकान एवढे सगळे जागेवरून दिसत होते.

घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. त्यांना सगळे 'मासिमा' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आईने पिशवीतून तिळगुळाचा स्टीलचा डबा काढून त्यांच्या हातात ठेवला आणि आपल्या हिंदीत संक्रांतीचा अर्थ समजावून सांगितला. मासिमांनी डबा उघडून वास घेतला, "तिल!" म्हणाल्या आणि आत जाऊन एका ताटलीत पाटिशापटा घेऊन आल्या. तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे आणि त्याच्या आत खोबरे व नव्या खजुरी गुळाचे सारण, असा हा पदार्थ. बंगालात पौष संक्रांतीला असे पिठ्याचे प्रकार घरोघर होतात, आणि थंडीत निघणाऱ्या त्या गुळाला, नोलेन गुडाला, धुरकट असा एक सुगंध असतो जो उसाच्या गुळाला नाही. आई दुसरा घास घेताना म्हणाली, "पातोळ्यांसारखंच आहे, फक्त हळदीचं पान नाही."

जेवणानंतर बाहेर पडलो. आईला पाहायची असलेली तीन ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर होती. बलराम बसूंच्या घरात रामकृष्ण परमहंस अनेकदा येऊन राहत, आणि त्याच घरी 1 मे 1897 रोजी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली. बोसपाडा लेनमध्ये निवेदितांचे घर आहे. तिथे नोव्हेंबर 1898 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी प्लेगची साथ आली तेव्हा निवेदिता याच गल्ल्या झाडायला स्वतः उतरल्या. गल्लीच्या नावातच 'पाडा' आहे, हे आईने मला पाटी वाचून दाखवले. तिसरे ठिकाण शारदामातेचे घर, ज्याला तिथे 'मायेर बाडी' म्हणतात. 1909 पासून 1920 मध्ये देह ठेवेपर्यंत शारदादेवी कोलकात्यात असल्या म्हणजे या घरात असत. दुपारी ते बंद असते, हे आम्हाला दारात गेल्यावर कळले. मुक्काम दूर असता तर एवढ्यावरच परतावे लागले असते. आम्ही खोलीवर येऊन तासभर पडलो आणि दार उघडल्यावर पुन्हा गेलो. आरतीपर्यंत आई तिथे बसली. मी बाहेर थांबलो. तिने त्या दीड तासाविषयी मला काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

संध्याकाळी घाटावर गेलो. घाटाच्या आधी नदीकाठाने चक्ररेल्वेचा, म्हणजे शहराला वळसा घालणाऱ्या लोकलचा, रूळ जातो. फाटक पडले की सायकली, टोटो म्हणजे विजेवरच्या रिक्षा, पाणी भरून परतणारी माणसे आणि एखादा हातरिक्षावाला सगळे शांतपणे थांबतात, गाडी माणसांच्या अगदी पुढ्यातून जाते, आणि फाटक उठले की लोक पुन्हा नदीकडे चालू लागतात. पायऱ्यांवर म्हातारी माणसे गटागटाने बसून बोलत होती. बंगालीत याला 'अड्डा' म्हणतात आणि त्या शब्दाला तिथे प्रतिष्ठा आहे. आपल्याकडे अड्डा म्हटले की जुगार किंवा दारू आठवते, तिथे मात्र घरातली आजीही अड्ड्याला जाते.

दिवस तिसरा

सकाळी साडेसहाला आई आधी बाहेर पडली होती. मी पाहिले तेव्हा ती कोपऱ्यावर मातीच्या कपातून चहा घेत होती. त्या कपाला 'भांड' म्हणतात, आणि भांड्याला भांड म्हणणारे लोक परके कसे, असे आईचे म्हणणे पडले. चहावाल्याने तिला विचारले, "कोथाय उठेछेन?" आईला वाटले, तो किती वाजता उठलात असे विचारतो आहे, म्हणून तिने "साडेपाच" असे उत्तर दिले. शेजारच्या गृहस्थांनी हसून हिंदीत समजावले की कुठे मुक्काम केला आहे, असे तो विचारत होता. आपण मराठीत परगावी 'उतरतो', बंगाली माणूस 'उठतो'. दोन भाषांनी एकाच क्रियेला दिलेल्या या उलट दिशा आईला इतक्या आवडल्या, की पुढचा सगळा दिवस ती ते वाक्य घोळवत होती.

तेथून बाजारात गेलो. सकाळच्या बाजारात माणूस पाड्याचा आहे की बाहेरचा, हे लगेच ओळखू येते. हातात नायलॉनची पिशवी, अंगावर शाल, आणि मासळी घेण्यापूर्वी कल्ला उचलून बघण्याची सवय, ही तिथल्या माणसाची खूण. मासे कापायचे साधन म्हणजे भलीमोठी विळी. बंगालीत तिला 'बोटी' म्हणतात. तिचे पाते उभे, कमरेच्या उंचीला पोहोचेल असे, आणि तिच्या पाटावर एक पाय रोवून कोळी बसलेला. तो माशाला दोन्ही हातांनी धरून पात्यावर पुढे ढकलतो. पाते जागचे हलत नाही, माशाचेच तुकडे होत जातात. रोहूचे डोके दोन भागांत करताना त्याने ज्या सावकाशीने ते आधी वळवून घेतले आणि मग एकाच दाबाने उभे चिरले, ते पाहून आईने हातातली पिशवी खाली ठेवली. ती आयुष्यभर विळीवर नारळ आणि भाजी करत आली आहे. "माझी विळी याच्यापुढे लहान पोर आहे," ती म्हणाली. न्याहारीला कोपऱ्यावरच गरम कचुऱ्या आणि सालासकट बटाट्याची भाजी घेतली, आणि त्यानंतर रसगुल्ला. तो नवीनचंद्र दासांनी 1868 मध्ये याच बागबाजारात केला असे बंगाली माणूस सांगतो, आणि तो तिथे उभे राहून खाण्यात निराळे समाधान आहे.

याच भागात मराठा डिच लेन नावाची एक गल्ली आहे, आणि मराठी माणसाने बागबाजारला राहून तिथे गेल्याशिवाय परतू नये, असे मला मनापासून वाटते. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली 1742 मध्ये बंगालात उतरल्या. त्यांच्या भीतीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीन मैल झाला, मराठे शहरापर्यंत आले नाहीत आणि काम थांबले. 1799 मध्ये तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. त्या स्वारांना बंगाल 'बर्गी' म्हणतो, आणि हा शब्द आपल्या बारगीरावरून आला. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारी, तो बारगीर. बंगाली आया अजूनही जे अंगाईगीत म्हणतात त्याचा आशय असा की बाळ झोपले, पाडा निवला, आणि बर्गी देशात आले. त्यात शेतकऱ्याची चिंताही आहे, की धान्य तर बुलबुलांनी खाल्ले, आता सारा कशातून भरू? मासिमांनी ते आईला रोकावर बसून म्हणून दाखवले. आम्ही कुठून आलो हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे शेवटी त्या थोड्या संकोचल्या. आईने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "जे झालं ते झालं, गाणं खरं आहे." आमच्या शाळेच्या पुस्तकांत अटकेपार झेंडे होते, बंगालातल्या गावांनी त्या स्वाऱ्यांत काय सोसले ते नव्हते. ते मला एका बंगाली घराच्या ओट्यावर कळले, आणि ते तिथेच कळले याचे मला समाधान आहे.

दुपारच्या आधी कुमारटुलीत गेलो. चालत पंधरा मिनिटे. कुमारटुली म्हणजे आपला कुंभारवाडा. सरस्वती पूजा जवळ आली होती, म्हणून गल्लीच्या दोन्ही बाजूंना सरस्वतीच सरस्वती उभ्या होत्या, काही अजून केवळ पेंढ्याच्या. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळून बांधलेला पेंढा, मग तूस मिसळलेल्या मातीचा थर आणि शेवटी बारीक चिकणमाती, असा क्रम असतो. एका कारखान्याच्या दारात फळीवर मातीची बोटे वाळत घातली होती. शे-दीडशे बोटे, प्रत्येक टोकाला नखाची खूण केलेली, काही वीणेच्या तारेवर टेकतील अशी वाकवलेली. कारागीर त्यातले एक उचलायचा, मनगटाजवळ धरून पाहायचा, परत ठेवायचा आणि दुसरे घ्यायचा. हाताला जुळणारे बोट मिळाले की ओल्या मातीने ते बसवून सांधा अंगठ्याने पुसून टाकायचा. आमचे आजोळ पेणचे. तिथे गणपती साच्यातून काढून रंगवलेले आई लहानपणापासून पाहत आली आहे, पण मूर्तीच्या पोटात पेंढा असतो हे तिला नवीन होते. "म्हणजे नदीतली माती, शेतातला पेंढा, आणि परत नदीत," ती म्हणाली. आम्ही तिथे दोन तास होतो. एकदा पाहून झाल्यावर पुन्हा पहिल्या टोकापासून पाहिले.

कॉलेज स्ट्रीटला संध्याकाळी जाऊन आलो. पुस्तके घेतली, कॉफी हाउसचा जिना आईने सावकाश चढला, आणि काळोख पडायच्या आत परतलो.

दिवस चौथा

सकाळी श्यामबाजारहून मेट्रोने थेट दक्षिणेश्वरला गेलो. राणी रासमणींनी 1855 मध्ये उभारलेले नऊ शिखरांचे ते देऊळ, आणि नदीच्या बाजूला ओळीने बारा शिवमंदिरे. तेथून नावेने बेलूर मठ गाठला. मठ दुपारी बंद होतो, त्यामुळे लवकर निघाल्याचा फायदा झाला. बसने हावड्याला आणि तेथून लाँचने बागबाजारला परत. खोलीवर येऊन आई दोन तास झोपली.

संध्याकाळ मी मुद्दाम दक्षिणेसाठी राखून ठेवली होती, कारण निवड बरोबर ठरली असे आपण म्हणायचे असेल, तर दुसरी बाजू पाहिल्याशिवाय म्हणू नये. रवींद्र सरोवरला उतरलो. 1920 च्या दशकात खणलेल्या या तळ्याभोवती मोठी झाडे, बाके, नौकानयनाचे क्लब आणि नियमाने चालणारी माणसे आहेत. तेथून गडियाहाटच्या बाजारात गेलो, जिथे साड्यांची दुकाने सरकत सरकत पदपथावर आली आहेत. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. कोलकात्यात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची ती हक्काची जागा, आणि आपल्या लिपीतली पाटी तिथे पाहून आई काही क्षण थांबली.

दक्षिण कोलकात्याविषयी न्यायाने सांगायचे तर, पदपथ चांगले आहेत, रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर उजेड आणि घरगुती वर्दळ असते, औषधांची दुकाने व डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मध्यम दराच्या स्वच्छ खोल्या उत्तरेपेक्षा सहज मिळतात. लहान मुले बरोबर असतील किंवा आजारपणाची धास्ती असेल, तर मी दक्षिणच सुचवीन. बागबाजारात रात्री नऊनंतर गल्ली निजते, पावसाळ्यात पाणी साचते असे मासिमा स्वतःच सांगतात, आणि गाडी दारापर्यंत येत नाही. जानेवारी नसता, पाऊस असता, तर आईच्या गुडघ्यासाठी मीही निराळा विचार केला असता. सॉल्ट लेकला आम्ही गेलो नाही. ज्यांचे काम त्या बाजूच्या कचेऱ्यांत आहे, किंवा जे जानेवारीअखेरच्या पुस्तक मेळ्यासाठी येतात, त्यांना ते सोयीचे आहे.

परतताना मेट्रोत मी आईला विचारले, की पुढच्या वेळी दक्षिणेत राहू या का. ती म्हणाली, "तळं छान आहे. पण तिथे बाकावर बसावं लागतं. इथे ओटा आहे." बाकावर बसलेल्या माणसाशी कुणी आपण होऊन बोलत नाही आणि ओट्यावर बसलेल्याशी बोलल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, असे तिला म्हणायचे होते, आणि तीन दिवसांत मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. इस्त्रीवाला, समोरच्या घरातली शाळकरी मुलगी, दूध घालणारा, सगळ्यांना एव्हाना आईचे गाव आणि तिचा गुडघा कोणता दुखतो हे माहीत झाले होते.

दिवस पाचवा

गाडी दुपारची होती, त्यामुळे सकाळ मोकळी मिळाली. कुठेही जायचे नाही असे आम्ही ठरवले. आईने चहा घेतला, बाजारातून एक चक्कर मारली, मायेर बाडीत जाऊन आली, आणि मग मासिमांबरोबर रोकावर बसली. दोघींचे हिंदी सारखेच तोडके होते, त्यामुळे कोणालाही संकोच नव्हता. निघताना मासिमांनी तिळगुळाचा डबा परत आणून दिला. डबा जड होता. कोणाचा डबा रिकामा परत करू नये, ही रीत तिकडेही आहे. आत केळीच्या पानावर पाटिशापटा नीट रचून ठेवले होते.

समोरच्या घरातला मुलगा बॅगा घेऊन घाटापर्यंत आला. फाटक पडलेले होते, म्हणून चक्ररेल्वे जाईपर्यंत थांबलो. लाँच बागबाजारहून निघून शोभाबाजारला टेकली आणि तेथून हावड्याकडे वळली. डाव्या हाताला जुन्या गोदामांच्या भिंती, स्नानाचे घाट आणि त्यांच्या पायऱ्यांवर वाळत घातलेली धोतरे मागे पडत गेली, आणि समोर हावड्याचा पूल मोठा होत गेला.

गाडीत आमच्या समोर एक बंगाली जोडपे होते, मुलाकडे मुंबईला निघालेले. सामान लावून झाल्यावर त्या बाईंनी आईला विचारले, "कोथाय उठेछिलेन?"

"बागबाजार," आई म्हणाली आणि डब्याचे झाकण काढून तो त्यांच्यापुढे धरला.